रुग्णालयातली आग आणि जबाबदारीची उतरंड



मागच्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते एका आजारी कामगाराला भेटायला वसई पूर्वेतल्या एका खासगी रुग्णालयात गेलो होतो. आम्ही राहतो गोखिवऱ्याच्या बाजूला. गाळ्यांत काम करणारा माणूस आजारी पडला की त्याला असल्याच ठिकाणी नेतात: खाली दुकाने, वर बाह्यरुग्ण विभाग, त्याच्यावर आयसीयू. लिफ्ट बंद होती, मुख्य जिन्यावर गर्दी होती, म्हणून आम्ही दुसरा जिना कुठे आहे ते विचारले. रखवालदार म्हणाला, आहे ना, पण त्यात सामान आहे. दाराच्या काचेतून पाहिले तर मोडक्या खाटा, फायलींचे गठ्ठे, कुठलेसे रिकामे सिलिंडर. बाहेर कुलूप. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर संध्याकाळी घरी जातो.

३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला त्याला जिना नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला, तो त्याच मजल्यावर मरणार. ती उपमा आपण शेकडो भाषणांत ऐकली आहे. त्या कुलपासमोर उभे राहून मात्र ती उपमा वाटेना. संविधानाने आणि कायद्याने आज जिना दिला आहे, नकाशात तो काढलेलाही असतो, आणि तरीही रात्री तीन वाजता त्या मजल्यावरचा माणूस खाली उतरू शकत नाही.

रात्री तीन हे आम्ही उगाच म्हणत नाही. २३ एप्रिल २०२१ ला विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात पहाटे तीनच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत आग लागली. कोविडची दुसरी लाट होती, रुग्णालय भरलेले होते, आयसीयूत १७ रुग्ण होते. सुरुवात एसीपासून झाली. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा १३ सांगितला गेला, पुढे तो वाढला. आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीतली ही घटना. त्याच्या दोनच दिवस आधी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन २२ रुग्ण गेले होते. पंतप्रधानांबरोबरच्या बैठकीत काय मांडणार, या प्रश्नावर बोलताना तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विरारची घटना ही राष्ट्रीय बातमी नाही असे म्हटले होते. आमच्याकडच्या लोकांना ते वाक्य अजून आठवते.

आयसीयूतली आग घरातल्या आगीसारखी नसते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण नुसत्या घोषणा देतो आणि समोरचा अधिकारी दोन तांत्रिक शब्द टाकून आपल्याला गप्प करतो. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद आयसीयूत अनेक रुग्णांना मास्कने मोठ्या दाबाचा ऑक्सिजन चालू असेल तर कडेने गळून खोलीतले प्रमाण वाढते. मग चादर, कापूस, प्लास्टिकची नळी, सगळे एरवीपेक्षा झपाट्याने पेटते. एसी, व्हेंटिलेटर, मॉनिटर चोवीस तास चालू. तारा मात्र त्याच, कधीकाळी ओपीडीसाठी टाकलेल्या. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद. त्यामुळे माणूस ज्वाळेने मरण्याआधी धुराने मरतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे रुग्ण पळू शकत नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेच्या 'अग्नी व जीवसुरक्षा' या भागात रुग्णालयाचा विचार वेगळा केला आहे. सगळ्यांना एकदम जिन्याने खाली उतरवणे शक्य नसते. मजल्याचे भाग पाडायचे, मध्ये काही काळ आग आणि धूर रोखणारी भिंत व दार ठेवायचे आणि खाट ढकलत रुग्णाला त्याच मजल्याच्या सुरक्षित भागात न्यायचे. तिथून पुढे रुंद जिना, रॅम्प, मोकळी वाट. छताला धूरशोधक आणि स्प्रिंकलर. लाल सिलिंडर ही यातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. रुग्णालय आपल्याला तेच दाखवते.

विरारला आग लागली तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. राजकोटच्या कोविड रुग्णालयात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आग लागून पाच रुग्ण मेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला आदेश दिला: प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमा, जिल्ह्याजिल्ह्यात समिती करून फायर ऑडिट करा, ज्यांच्याकडे फायर एनओसी नाही त्यांनी चार आठवड्यांत ती घ्यावी. ते चार आठवडे संपायच्या आत, आदेशानंतर २२ व्या दिवशी, भंडारा घडले.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाचा नवजात शिशू अतिदक्षता कक्ष, मध्यरात्रीनंतर दीड-दोनची वेळ. १७ बाळे होती. त्यातली सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून. हे सरकारी रुग्णालय होते. गावखेड्यातल्या ज्या आईबापाला खासगी दवाखान्याचे दार परवडत नाही, त्याचे बाळ तिथे काचेच्या पेटीत ठेवलेले असते. आगरोधक यंत्रणेचा प्रस्ताव शासनदरबारी पडून होता.

पुढे काय झाले ते नीट पाहा, कारण आमच्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. चौकशी समिती बसली, अहवाल आला आणि कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित. अतिरिक्त शल्यचिकित्सकांची बदली. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि कंत्राटी परिचारिका यांची सेवा समाप्त. फेब्रुवारीत पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर.

एकाच घटनेतल्या या शिक्षा एकाखाली एक लिहून बघा. बदली झालेल्याचा पगार चालू राहतो. निलंबित झालेल्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि पुढे तो परतही येऊ शकतो. कंत्राटीवाल्याची भाकरीच जाते. त्याच्याही खाली फौजदारी गुन्हा. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला नुसती विषमता म्हटले नाही, श्रेणीबद्ध विषमता म्हटले. पायरीपायरीने वर जाताना मान वाढत जातो, खाली उतरताना तुच्छता वाढत जाते. शासकीय रुग्णालयातल्या आगीनंतर जबाबदारीची वाटणी नेमकी अशीच होते. परिचारिका कोणत्या जातीची होती हा इथे प्रश्न नाही. व्यवस्थेने घडवलेली सवय तीच आहे: जे घडले त्याचे ओझे सर्वांत खालच्या खांद्यावर.

कोणी म्हणेल, परिचारिका कक्षात हजर नव्हत्या असा ठपका होता. असेल. आम्ही त्यांची वकिली करायला बसलेलो नाही. पण परिचारिका माणूस आहे. ती दुसऱ्या खोलीत जाऊ शकते, तिला दुसऱ्या रुग्णाकडे बोलावले जाऊ शकते, रात्री दीडला तिचा डोळा लागू शकतो. म्हणूनच छताला धूरशोधक लावायचा असतो. तो खोली सोडून जात नाही. तो का बसला नव्हता, या प्रश्नाचे उत्तर परिचारिकेकडे असण्याचे कारण नाही.

भंडाऱ्यानंतर राज्यभर ऑडिटचे आदेश निघाले. मार्चच्या शेवटी मुंबईत भांडुपला मॉलच्या वरच्या मजल्यावरचे रुग्णालय धुरात सापडले. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडी, २३ ला विरार, २८ ला मुंब्रा. सगळीकडे मृत्यू. भंडाऱ्यापासून विरारपर्यंत १०४ दिवस होते, आणि ऑडिट हा शब्द त्या काळात रोज वर्तमानपत्रात होता.

मग ६ नोव्हेंबर २०२१, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. भाऊबीजेचा दिवस, सकाळी अकराच्या सुमाराची वेळ. जिल्हा रुग्णालयाच्या, कोविडसाठीच उभारलेल्या आयसीयूत आग लागली आणि ११ रुग्ण गेले. अंधार, झोप, सामसूम यांतले एकही कारण इथे नव्हते. त्या रुग्णालयाचे फायर ऑडिट झालेले होते. त्यात सांगितलेली यंत्रणा बसलेली नव्हती. म्हणजे रोग कळला होता, चिठ्ठी लिहिलेली होती, औषध आणले नव्हते. औषध आणण्याचा अधिकार कोणाचा? निधी मंजूर करणाऱ्याचा, प्रस्ताव पुढे पाठवणाऱ्याचा, शासकीय इमारतीची वीज सांभाळणाऱ्या विभागाचा. तीन दिवसांनी पोलिसांनी अटक केली चौघींना: एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. भंडाऱ्याचीच पुनरावृत्ती, दहा महिन्यांत.

विरारमध्ये मात्र वेगळे घडले, आणि ते लपवले तर आमचा युक्तिवाद खोटा ठरेल. तिथे पोलिसांनी रुग्णालयाच्या व्यवस्थापनातल्या दोघांना अटक केली. खासगी रुग्णालयात हात वरपर्यंत पोहोचू शकतो तर. मग शासकीय रुग्णालयात तो परिचारिकेच्या टेबलाशी का थांबतो? कारण तिथे वर गेले की मालक भेटतो आणि तो मालक शासन आहे.

हे आमच्या मनाचे नाही, कायद्यातच आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' राज्यात लागू झाला ६ डिसेंबर २००८ ला. (तारीख आपल्या ओळखीची आहे, चैत्यभूमीवर रांगा लागलेल्या असताना हा कायदा अमलात आला, आणि आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे?) त्याचे कलम ३ सांगते की आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना करणे आणि त्या कायम चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. वॉर्डबॉयची नाही, मावशीची नाही, रात्रपाळीच्या परिचारिकेची नाही. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक संस्थेने नमुना 'अ' मध्ये प्रमाणपत्र द्यायचे. त्यानंतर दर जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू आहे असे नमुना 'ब' चे प्रमाणपत्र मालकाने मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. उल्लंघनाला किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि दंड. धोकादायक इमारत रिकामी करायला लावण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकार प्रशासनाला आहेत.

कायदा चांगला आहे. त्यातले एक भोक मात्र मोठे आहे. प्रमाणपत्र देणारी परवानाधारक संस्था कोण निवडतो? मालक. तिचे पैसे कोण देतो? मालक. ज्याची परीक्षा घ्यायची त्यानेच परीक्षक आणायचा आणि त्याला मानधन द्यायचे. खोटे प्रमाणपत्र देणे गुन्हा आहे हे खरे, पण खोटे आहे हे उघड कधी होते? आग लागल्यावर. रुग्ण, नातेवाईक, रुग्णालयातला कामगार यांना नमुना 'ब' नावाचा कागद असतो हेच माहीत नसते. ज्यांचा जीव जायचा, त्यांच्याच नजरेपासून तो कागद दूर असतो.

आता कामगारांबद्दल. गोखिवरे, वालीव, सातिवली इथल्या गाळ्यांत काम करणाऱ्या ज्या भावाबहिणींची नोंदणी झालेली आहे, त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआयची रक्कम कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ही कपात कुठून आली? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कार्यकाळात, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ ला आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कामगार आजारी पडला तर त्याने सावकाराकडे किंवा धर्मादाय दवाखान्याच्या दारात हात पसरू नये, उपचार हा त्याचा हक्क असावा, हा त्यामागचा विचार.

त्याच हक्कातून उभ्या राहिलेल्या अंधेरी-मरोळच्या कामगार रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ ला आग लागली. इमारतीत बांधकामाचे काम चालू होते, रुग्णही आत होते. आठहून अधिक जीव गेले. पगारातून पैसे कापून दिलेल्या माणसांचे रुग्णालय होते ते. आपण बाबासाहेबांचे मजूरमंत्री म्हणून केलेले काम दरवर्षी १४ एप्रिलला सांगतो, बॅनरवर लिहितो. त्या कामातून उभ्या राहिलेल्या इमारतींचे जिने मोकळे आहेत की नाहीत हे पाहायला किती जण जातो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला आहे.

आणि कंत्राटीकरण. रुग्णालयातली सफाई, सुरक्षा, वॉर्डातली मदत ही कामे ठेकेदाराकडे गेली तेव्हा आपण आरक्षण बुडाले म्हणून ओरडलो, आणि ते बरोबरच होते. पण दुसरीही एक गोष्ट बुडाली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. आग लागल्यावर खाट कोणी ढकलायची, ऑक्सिजनचा झडप कुठे आहे आणि ती कोणी बंद करायची, मेन स्विच कोणत्या मजल्यावर, हे हाताला सवयीने माहीत असावे लागते. त्यासाठी मॉक ड्रिल असते. तीन महिन्यांनी बदलणाऱ्या ठेक्यावरच्या माणसाला कोण ड्रिल देणार? ठेकेदार म्हणतो रुग्णालयाने द्यावे, रुग्णालय म्हणते तो आमचा कर्मचारी नाही. आग लागली की मात्र तोच हजर असतो. आगीत आधी आत शिरणारे पुष्कळदा हेच असतात. गुन्हा दाखल करतानाही तेच सापडतात.

इथे आमच्याच बैठकीत एका तरुणाने उलट प्रश्न केला, आणि त्याला आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. तो म्हणाला, तुम्ही उद्या कायदा कडक लावा म्हणालात तर आपल्याकडची निम्मी रुग्णालये सील होतील, मग लोक जातील कुठे? प्रश्न खरा आहे. वसई-विरारमध्ये अनधिकृत बांधकामांचा डोंगर आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ माणसे गेली. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत रुग्णालय थाटले की फायरची परवानगीही अडकते. आणि लाखोंच्या वस्तीला सार्वजनिक रुग्णालये किती? वसईचे सर डी. एम. पेटिट, नालासोपाऱ्याचे तुळींज अशी बोटावर मोजण्याइतकी. पूर्वेच्या पाड्यांवरच्या आदिवासी बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर ती परवानगी विचारून दवाखाना निवडत नाही. सील लागले की श्रीमंत माणूस गाडी काढून मुंबईला जातो आणि ती वाटेत अडकते.

म्हणून आम्ही सरसकट 'टाळे ठोका' म्हणत नाही. टाळे ठोकणे प्रशासनाला सोपे जाते, दोन दिवस बातमीही होते. आम्ही म्हणतो की जिन्यातले सामान काढायला भोगवटा प्रमाणपत्र लागत नाही. कुलूप उघडायला निधी लागत नाही. तारांचे ऑडिट करून आयसीयूला वेगळी जोडणी देणे, धूरशोधक बसवणे, रात्रपाळीला महिन्यातून एकदा ड्रिल घेणे, हे चालू रुग्णालयात होऊ शकते आणि मुदत घालून करून घेतले पाहिजे. ज्या इमारतीला दुसरी वाटच नाही, तिथे वरच्या मजल्यावर आयसीयू चालू ठेवू देऊ नये. एवढ्यावर मात्र तडजोड नाही. शासकीय व पालिकेच्या रुग्णालयांचा पैसा अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दिसला पाहिजे, म्हणजे तो कोणी अडवला हेही नावानिशी दिसेल. रुग्णालय हे काही दानधर्माचे काम नाही. आपल्याच तालुक्यातल्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. गिरनारसारख्या ठिकाणी जो दुसरा लेख शाबूत आहे, त्यात राजा माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे सांगतो. उपचार ही राज्याची जबाबदारी, हा विचार आपल्या मातीला नवा नाही.

त्या तरुणाचे समाधान पूर्ण झाले नाही. आमचेही नाही. पण त्या बैठकीत काम वाटून घेतले गेले. गोखिवरे ते वसई फाटा या पट्ट्यातल्या रुग्णालयांची यादी करायला तिघे तयार झाले. दोघींनी, ज्या स्वतः आया म्हणून काम करतात, त्यांनी प्रत्येक ठिकाणी दुसरा जिना कुठे उघडतो आणि त्याची किल्ली कोणाकडे असते ते लिहून आणायचे कबूल केले. हे त्यांना विचारावे लागत नाही, रोज दिसते. माहिती अधिकाराच्या अर्जात एकच प्रश्न असेल: मागच्या जानेवारीचा आणि जुलैचा नमुना 'ब', परवानाधारक संस्थेच्या नावासह, प्रत द्यावी. अर्जाचा मसुदा तयार आहे. ज्यांना आपल्या भागासाठी हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी बुद्धविहारात यावे, वंदनेनंतर आपण बसणार आहोत.